मुंबईत ट्वीडचा स्कर्ट घरी शिवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांनी परकर, ब्लाउज किंवा सलवार शिवली आहे त्यांना स्कर्टची कटाई अवघड जाणार नाही. नवं असतं ते कापड: ट्वीड, म्हणजे जाडसर, खरखरीत लोकरी कापड. सुती कापडाच्या सवयी लोकरीला चालत नाहीत, आणि बहुतेक प्रश्न तिथूनच निघतात. उत्तरं साध्या घरगुती मशीनवर शिवणाऱ्यांसाठी आहेत.

मुंबईच्या हवेत लोकरीचा स्कर्ट? घामाने जीव जाणार नाही का?

मे महिन्यात आणि पावसाळ्यात जाईलच, तेव्हा तो कपाटातच राहू दे. पण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सकाळी पारा १६–१८ अंशांवर येतो. शिवाय बीकेसी किंवा लोअर परळच्या ऑफिसांत एसीच्या झोताखाली बसणाऱ्या बायका बाराही महिने शाल अंगावर घेऊन काम करतात. पुणे, नाशिक, महाबळेश्वरच्या फेऱ्या आहेत, परदेशी शिकायला निघालेली मुलगी किंवा भाची असते.

लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा शोषून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. दमट फलाटावरून थेट गार ऑफिसात शिरताना हा गुण उपयोगी पडतो. पॉलिएस्टरचं ट्वीडसारखं दिसणारं कापड इथे जास्त घामट ठरतं. मात्र वजन बघून घ्या. चौरस मीटरला २५० ते ३०० ग्रॅमच्या आसपासचं कापड स्कर्टला पुरे. ४०० च्या वरचं ट्वीड कोटाचं असतं. ते मुंबईत स्कर्टला नको, आणि घरच्या मशीनलाही नको.

दुकानात ट्वीड मागितलं की काहीही समोर टाकतात. खरी लोकर ओळखायची कशी?

काहीही म्हणजे बहुधा तीन गोष्टी. एक टीआर, म्हणजे पॉलिएस्टर आणि व्हिस्कोसचं मिश्रण, त्यावर ट्वीडची छपाई किंवा वीण. दुसरं टेरीवूल, म्हणजे पॉलिएस्टर आणि लोकर. तिसरं अॅक्रिलिकचं गाठीगाठींचं, चमकत्या धाग्यांचं कापड, जे हल्ली जॅकेटला वापरतात. यातलं टेरीवूल वाईट नाही. पहिलाच स्कर्ट असेल तर मी तेच घ्या म्हणेन, कारण ते कमी आटतं आणि कमी रुसतं.

खात्री करायची तर कडेचे चार धागे मागून घ्या. उभे आणि आडवे, दोन्हीकडचे घ्या, कारण कधी एकाच बाजूला लोकर असते. घरी सिंकवर, चिमट्यात धरून जाळा. लोकर नाइलाजाने जळते, ज्योत बाजूला केली की विझते, केस जळल्याचा वास येतो आणि मागे उरलेली काळी राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो. अॅक्रिलिक भराभर पेटतं आणि वितळतं. केसांचा वास आणि कडक मणी दोन्ही मिळाले तर ते टेरीवूल.

‘हॅरिस’ हे नाव दुकानात सढळ हाताने वापरतात. खरं हॅरिस ट्वीड म्हणजे स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर विणकरांनी आपापल्या घरी हातमागावर विणलेलं, तिथेच रंगवलेल्या आणि कातलेल्या शुद्ध नव्या लोकरीचं कापड. १९९३ च्या ब्रिटिश कायद्याने त्याची व्याख्या बांधून दिली आहे आणि त्यावर गोल व क्रॉसचा शिक्का असतो. शिक्का नसेल तर ते कापड चांगलं असू शकतं, हॅरिस नव्हे.

मुंबईत मिळेल कुठे?

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगळदास मार्केटमध्ये सूटिंगच्या गाळ्यांपासून सुरुवात करा. ड्रेस मटेरियलच्या रांगांत वेळ घालवू नका. दादरला हिंदमाताच्या बाजूला सूटिंगची दुकानं आहेत. ट्वीड पुरुषांच्या सूटलेंथमध्ये जास्त सापडतं. म्हणून ‘लेडीज स्कर्टसाठी’ असं सांगून मागण्यापेक्षा ‘जॅकेटिंग दाखवा’ म्हणा, आणि कटपीसचा ढीग नक्की उपसा. पुरुषांच्या जॅकेटला दोन मीटरच्या आसपास लागतं, त्यामुळे मीटरभराचा उरलेला तुकडा दुकानदाराला नकोसा आणि तुम्हाला नेमका हवासा असतो.

हिमाचल, काश्मीरकडची हातमागाची लोकर प्रदर्शनांत मिळते. सुंदर असते, पण पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, अनेकदा कमी. भाव विचारायच्या आधी पन्हा विचारा.

अस्तर, चेन, हूक, दोरा यांसाठी एवढ्या लांब जायची गरज नाही. घराजवळचं मॅचिंग सेंटर पुरतं.

कापड किती घेऊ?

१५० सेंटिमीटर पन्हा आणि ६० सेंटिमीटर उंचीचा साधा ए-लाइन, म्हणजे कमरेपासून खाली पसरत जाणारा, स्कर्ट असेल तर ८० सेंटिमीटरमध्ये निघतो, एक मीटर घेतलं तर जीव निर्धास्त राहतो. सीटचं माप शंभरच्या आसपास आणि खालचा घेर १३५ पर्यंत असेल, तर पुढचा आणि मागचा भाग शेजारी शेजारी बसतात. ७५ सेंटिमीटरचा अरुंद पन्हा असेल तर दोन उंच्या लागतात, म्हणजे पावणेदोन मीटर. मोठा चौकडा असेल तर एका चौकड्याची उंची वर धरा. सहा कळ्यांचा हवा असेल तर दीड मीटर, कारण कळ्या उलटसुलट लावून कापड वाचवायची परकराची युक्ती इथे चालत नाही. ट्वीडच्या अंगावर बारीक लव असते आणि ती एका दिशेला झुकलेली असते. उलटी लावलेली कळी दुकानात कळत नाही, उन्हात वेगळ्या रंगाची दिसते.

कोणता आकार चांगला दिसतो?

ए-लाइन किंवा कळीदार. कमरेला चुण्या नकोत, जाड कापडाच्या चुण्या कुणालाच शोभत नाहीत. अगदी अंगासरशी पेन्सिल स्कर्ट शिवता येतो, पण मागे फट ठेवावी लागते आणि लोकलच्या पायरीवर चढताना तीच आधी उसवते. पूर्ण उरेब, म्हणजे विणीला तिरका, कापलेला स्कर्ट पहिल्यांदा करू नका. सैल विणीचं ट्वीड उरेब लोंबत राहतं आणि खालची कड कधी सरळ राहत नाही.

कापायच्या आधी कापड पाण्यातून काढायचं का?

सुती कापडासारखं बादलीत बुडवायचं नाही. लोकरीच्या केसांवर बारीक खवले असतात. ऊब, ओलावा आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखं जाड, घट्ट होतं. पण न आटवता कापलंत तर पहिल्याच वाफेच्या इस्त्रीला किंवा ड्रायक्लीनला कंबर आवळेल.

जुनी सुती चादर भिजवा आणि घट्ट पिळा, इतकी की पाणी ठिबकणार नाही. लादीवर पसरा, तिच्यावर ट्वीड सपाट अंथरा आणि दोन्ही मिळून सैल घडी घाला. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी चादर काढून ट्वीड सतरंजीवर सपाट वाळवा. दोरीवर टाकू नका, वजनाने ताणतं आणि दोरीचा वळ राहतो. वाळत आलं की सुती कापड मध्ये ठेवून वाफेची इस्त्री द्या. ती ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. घासत न्यायची नाही.

एवढी जागा घरात नसेल, आणि मुंबईत ती नसतेच, तर ड्रायक्लीनवाल्याला अख्खं कापड नुसती वाफ देऊन मागा. दुकानातल्या घडीची मधली रेघ वाफेनेही जात नसेल, तर ती पुढच्या भागाच्या मध्यावर येणार नाही अशी कटाई करा.

चौकडा जुळतच नाही. काय चुकतं?

दुहेरी घडीवर कापता ना? तिथेच. वरचा थर दिसतो, खालचा सरकतो. अर्ध्या नमुन्याऐवजी कागदावर पूर्ण पुढचा भाग काढा आणि कापड एकेरी अंथरून कापा. जेवणाचं टेबल अपुरं पडेल, लादी पुसून घ्या आणि पंखा बंद ठेवा.

नमुना ठेवताना खालची कड आणि सीटची रेघ या दोन जागा आधी ठरवा. खालच्या कडेला चौकड्याची ठळक आडवी रेघ अर्धवट कापली गेली की स्कर्ट तिरका वाटतो, मोजून सरळ असला तरी. पुढचा भाग कापून झाला की तोच मागच्या भागासाठी कापडावर ठेवून बाजूच्या शिलाईवर रेघ रेघेला लावा. कापण्याच्या कडेवर नाही, शिलाईच्या रेघेवर जुळवायचं. मार्जिन सोडून बघायचं विसरलं की सगळं अडीच सेंटिमीटरने फसतं.

शिवताना प्रत्येक ठळक रेघेवर टाचणी, आडवी. त्याहून बरं म्हणजे हाताने कच्चा टाका. ए-लाइनमध्ये बाजूच्या शिलाया तिरक्या असल्याने उभ्या रेघा जुळणार नाहीत, त्या टोकदार कोन करून भेटतील. आडव्या जुळल्या की पुरे.

कापल्या कापल्या धागे सुटायला लागतात.

सुटणारच. म्हणून मार्जिन दीडऐवजी अडीच सेंटिमीटर ठेवा आणि जोडायच्या आधीच प्रत्येक तुकड्याच्या कडा ओव्हरलॉक करून आणा. पिको-फॉलच्या बहुतेक दुकानांत ओव्हरलॉक होतं. त्यांना ‘कड कापू नका, फक्त धरा’ असं सांगावं लागतं, नाहीतर मशीनची सुरी तुमचं मार्जिन खाते. तुकडे घडी घालून पिशवीत कोंबून नेऊ नका, सैल गुंडाळी करा. घरी झिगझॅग असेल तर तेही चालेल. फार सैल विणीच्या ट्वीडला पातळ मलमलची उरेब पट्टी कडेवर चढवली तर आतली बाजूही बघण्यासारखी होते.

माझ्या साध्या मशीनवर होईल का?

होईल. जुनी काळी लोखंडी मशीन असेल तर उत्तमच, ती जाड कापडाला घाबरत नाही. ऑनलाइन मिळणारी तळहाताएवढी प्लास्टिकची मशीन मात्र नको. सुई १६ नंबरची, नवी. हलक्या ट्वीडला १४ चालते. टाका ३ मिलिमीटर. पायाचा दाब कमी करता येत असेल तर करा, म्हणजे वरचा थर पुढे सरकत नाही. दोरा चांगल्या प्रतीचा पॉलिएस्टर. पावसाळाभर मशीनमध्ये राहिलेली सुई आधी बदला, गंजाचा ठिपका फिक्या ट्वीडवरून निघत नाही.

शिलाई नीट असूनही स्कर्ट घरगुती दिसतो. बाजारातल्यासारखी सफाई का येत नाही?

इस्त्रीमुळे. ट्वीडच्या कामात मशीनपेक्षा इस्त्रीपाशी जास्त वेळ जायला हवा, आणि बहुतेक जणी सगळं शिवून झाल्यावर शेवटी एकदाच इस्त्री फिरवतात. प्रत्येक शिलाई, दुसरी तिला छेदायच्या आधी, दाबून उघडलेली हवी.

पद्धत अशी. शिलाई आधी मिटलेलीच दाबा, म्हणजे टाके कापडात बसतात. मग उलट्या बाजूने मार्जिन दोन्हीकडे उघडा. खाली लाटणं ठेवा, टॉवेलात गुंडाळून. गोल पृष्ठभागावर फक्त शिलाईची रेघ दाबली जाते आणि मार्जिनच्या कडांचे वळ सुलट्या बाजूला उमटत नाहीत. वर ओलसर मलमल किंवा धोतराचा तुकडा, त्यावर गरम इस्त्री, पाच-सात सेकंद. इस्त्री उचलल्याबरोबर वाफाळत्या शिलाईवर जाड लाकडी पाट किंवा चॉपिंग बोर्ड टेकवून दाबून धरा. लाकूड वाफ ओढून घेतं आणि घडी पक्की होते. गार होईपर्यंत हलवायचं नाही. लोकर गरम असताना जो आकार देता तो गार होताना धरून ठेवते, आणि गरम असतानाच उचललीत तर तुमच्या हातातला वेडावाकडा आकारही तितक्याच इमानाने धरून ठेवते.

टक्सचं गणित वेगळं नाही. रुंद बाजूकडून टोकाकडे शिवा, टोकाला मागे-पुढे टाके न घालता दोऱ्याची गाठ मारा. जाड टक मधोमध चिरून, टोकाच्या दीड सेंटिमीटर अलीकडे थांबून, उघडा दाबा. खाली घट्ट बांधलेल्या टॉवेलाचा गोळा हवा, कारण सीट गोल असते आणि सपाट टेबलावर दाबलेला टक टोकाशी कोंब आल्यासारखा वर येतो.

सुलट्या बाजूवर उघडी इस्त्री कधीच नाही. चकाकी येते आणि ती सहजी जात नाही.

खालच्या इस्त्रीवाल्याकडे देऊन चालेल?

कोळशाच्या जड इस्त्रीचा दाब उत्तम असतो, पण ठिणगी, राख आणि घासत नेण्याची सवय, तिन्ही ट्वीडला घातक. तयार स्कर्ट एखाद्या जेन्ट्स टेलरकडे न्या. कोट शिवणाऱ्याला लोकर कशी दाबायची ते माहीत असतं, आणि आपुलकीने विचारलं तर दाखवतोही.

अस्तर लावायलाच हवं का, आणि कोणतं?

लावा. अस्तराशिवाय ट्वीड मांड्यांना टोचतं आणि बसून बसून मागे पोंगा, म्हणजे फुगवटा, येतो. मॅचिंग सेंटरमध्ये आधी हातात देतात ते पॉलिएस्टरचं तलम अस्तर. मुंबईत ते चिकटतं. ब्लाउजचं टू बाय टू सुती अस्तर हवेशीर असतं, पण लोकरीला धरून बसतं आणि चालताना स्कर्ट वर चढतो. माझी पसंती व्हिस्कोसला, गुळगुळीत आणि घाम टिपणारं. ते मात्र कापायच्या आधी धुऊन आटवा.

अस्तर सीटपाशी स्कर्टपेक्षा किंचित सैल ठेवा, टक्सऐवजी बारीक चुण्या घाला, उंची दोन-तीन सेंटिमीटर कमी. फक्त कमरेला आणि चेनच्या बाजूला जोडायचं. खाली मोकळं. पोंग्याचा त्रास जास्त असेल तर मागच्या भागाला आतून मलमलचा थर कच्च्या टाक्याने बसवून दोन्ही एकच कापड समजून शिवा. त्याने फार फरक पडतो.

चेन लपणारी लावू की साधी?

साधी, १८ ते २० सेंटिमीटरची, एका बाजूच्या पट्टीखाली झाकलेली. लपणारी चेन जाड ट्वीडमध्ये कमरेच्या जोडापाशी अडते. चेन लावायच्या जागी आधी चिकटणाऱ्या बक्रमची, दुकानात जिला पेस्टिंग म्हणतात तिची, दोन सेंटिमीटरची पट्टी इस्त्रीने बसवा, नाहीतर कापड ताणून लाटा येतात. शेवटची शिलाई हाताने, बारीक मागच्या टाक्याने केली तर ट्वीडमध्ये दोरा बुडून जातो, दिसतही नाही.

कमरपट्टा फार जाड होतो.

बाहेरून ट्वीड, आतून अस्तर किंवा धारींची घट्ट रिबीन. दोन्हीकडे ट्वीड नको. हूकच्या टोकाशी मार्जिन पायरी-पायरीने कमी-जास्त कापा आणि दाबून टाका.

खालची कड कशी दुमडायची?

स्कर्ट एक दिवस हँगरला लटकवून मगच. जमिनीपासून कुणाकडून तरी मोजून घ्या, कमरेपासून नको. चार-पाच सेंटिमीटरची एकच घडी, परकरासारखी दुहेरी नाही. ओव्हरलॉक केलेली कड तशीच ठेवून माशाच्या काट्याच्या टाक्याने आतून सैल बसवा, ट्वीडचा एकेकच धागा उचलत. दोरा ओढला की बाहेर खळगे दिसतात.

आजोबांचा जुना ट्वीडचा सूट पडून आहे. त्याचा होईल?

पँटचा होईल, कोटाचा सहसा नाही. कोटात इतके सांधे, खिसे आणि कॅनव्हास असतं की सलग तुकडा हाती लागत नाही. पँट उसवली की चार लांब पट्ट्या मिळतात, त्या चार कळ्या समजा. आधी ड्रायक्लीन करून आणा, मग प्रत्येक पट्टी खिडकीपाशी उजेडावर धरा. कसर लागलेली बारीक छिद्रं तेव्हाच दिसतात. गुडघे आणि बैठकीचा भाग झिजलेला असतो, तो टाळून कटाई करा. उलटी बाजू कमी विटलेली असेल तर तीच सुलटी धरायला हरकत नाही.

टेलरकडेच दिलं तर?

द्या. फक्त ब्लाउजवाल्याकडे नको.

धुवायचा कसा?

क्वचित. घातल्यावर रात्रभर हवेशीर टांगा, मऊ ब्रशने झटका, हंगामाअखेरीस एकदा ड्रायक्लीन. अस्तर आणि बक्रम लावलेला स्कर्ट घरी रिठ्याच्या पाण्यात धुण्याच्या भानगडीत पडू नका, तीन कापडं तीन तऱ्हांनी आटतात.

पावसाळ्यात कसर आणि बुरशी दोन्हीची भीती वाटते. ठेवायचा कुठे?

लोकर उडणारा पतंग खात नाही, त्याची अळी खाते, आणि तिला घाम व अन्नाचे डाग लागलेली लोकर जास्त आवडते. म्हणून मळका स्कर्ट ठेवून देऊ नका. वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही, पण आधीच असलेल्या अळ्या त्याने मरत नाहीत. डांबराच्या गोळ्या कापडाला थेट लावू नका, आणि घरात लहान मूल असेल तर वापरूच नका. शंका असेल तर स्कर्ट घट्ट बांधलेल्या पिशवीत आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच बाहेर काढा.

एरवी प्लास्टिक नको, आत दमटपणा कोंडतो. जुन्या सुती साडीत किंवा उशीच्या अभ्र्यात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या घालून, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात ठेवा. माळ्यावर नको. पावसाळ्यात एखाद्या कोरड्या दिवशी काढून झटका, आणि ऑक्टोबरच्या उन्हात तासभर, उलट्या बाजूने, टांगा.